उरकुडेकाकांचं इन्स्पेक्शन

उरकुडेकाकांच्या नर्सरीत झाड घ्यायला गेलेल्या माणसाची आधी मुलाखत होते. पास झालात तर झाड मिळतं. नापास झालात तर माठातलं एक ग्लास थंड पाणी मिळतं आणि "पुढच्या मोसमात या" असा निरोप.

पहिल्या खेपेला मी पाणी पिऊन परत आलो.

तसा मी अगदी निरुपद्रवी गिऱ्हाईक होतो. नागपूरच्या मनीषनगरात नुकताच फ्लॅट घेतला होता. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूचा कोपरा रिकामा दिसायचा. माझ्या बायकोचं, मंजूचं, म्हणणं होतं की तिथे काहीतरी जिवंत पाहिजे. "मी बसत जाईन तिथे," असं मी सुचवून पाहिलं. "जिवंत म्हटलं मी," ती म्हणाली. मग मी मुकाट्याने गाडी काढली आणि आमच्याच ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, टोकाला, हिरव्या जाळीखाली बसलेल्या एका उंच, वाळक्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. अंगात फुल बाह्यांचा खाकी शर्ट, खिशात एक ओलं फडकं, आणि नजर अशी की जणू मी कर्ज मागायला आलोय.

"हा अरेका पाम कितीला?" मी विचारलं.

"घराचं तोंड कोनीकडे हाय?"

"पश्चिमेला."

"कूलर कोन्या खिडकीले?"

"हॉलच्या."

"उन्हाळ्यात गावाले जाता?"

"जातो ना! चांगले आठ-दहा दिवस," मी जरा ऐटीत म्हणालो.

"मंग झाडाले कोन पाहीन?"

"झाडाला काय पाहायचंय? ते कुठे पळून चाललंय?"

काकांनी समोरची कुंडी उचलली आणि माझ्यापासून लांब, स्वतःच्या पाठीमागे नेऊन ठेवली. लहान लेकराला अनोळखी माणसापासून दूर ओढावं तशी. मग माठाकडे बोट दाखवलं.

उरकुडेकाकांचं सगळं आयुष्य खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कोळशाच्या विभागात गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी हा रिकामा प्लॉट भाड्याने घेतला, जाळी टाकली, मागे एक खोली बांधली आणि तिथेच एकटे राहू लागले. काकू आधीच गेलेल्या, मुलगा हैदराबादला. नोकरी सुटली, पण नोकरीची भाषा काही सुटली नाही. "मोगरा आज शटडाऊनवर हाय." "जास्वंदीनं काल लोड घेतलाच नाही बाप्पा." एकदा त्यांनी मला अतिशय गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सर, गुलाब ट्रिप झाला." मी म्हटलं, कुठे पडला? त्यांनी पुन्हा माठाकडे बोट दाखवलं.

आणि ते फडकं. खापरखेड्याच्या कॉलनीत म्हणे सकाळी उठून पाहावं तर केंद्राच्या राखेने तुळससुद्धा राखाडी दिसायची. "आमच्या पोराले शाळेत झाडाचं चित्र काढा लावलं तं त्यानं पानाले पेन्सिल फासली. हिरवा खडू घेतलाच नाही!" तेव्हापासून पान दिसलं की काकांचा हात आपोआप खिशाकडे जातो. एका लग्नाच्या हॉलमध्ये मी त्यांना जेवणाच्या रांगेत उभं राहून सजावटीची पानं पुसताना पाहिलं आहे. मागचे लोक खोळंबले होते. पुढे पनीर संपत होतं.

मी एकदा तरी नापास झालो नाही असा विषय शाळेत नव्हता, त्यामुळे मुलाखतीला पुन्हा बसण्याची मला लाज वाटली नाही. तिसऱ्या खेपेला मंजूला सोबत नेलं. तिच्या भरवशावर मला झाड मिळालं. "ट्रायल रनवर देऊन राहिलो," काका म्हणाले, "पैसे घेतो, पन झाड माहंच समजजा."

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा समजेल. मी छोट्या दुकानदारांची कराची कामं करतो आणि कोणी विचारलं नाही तरी त्यांना धंदा कसा वाढवावा ते सांगतो. माझा स्वतःचा धंदा गेली कित्येक वर्षं आहे तेवढाच आहे. पण सल्ला देणारा माणूस आरशात पाहत नसतो. काकांच्या नर्सरीचा धंदा पाहून तर माझे हात नुसते शिवशिवायचे.

कारण रस्त्याच्या पलीकडेच दुसरी नर्सरी होती. मोठी, झगमगीत. तिथे आंध्रातून ट्रक यायचा. कळ्यांनी लगडलेले गुलाब उतरायचे, मुळाशी चिकणमातीचा घट्ट गोळा. लोक फुलं पाहून घेऊन जायचे. गुलाब महिनाभर हसायचा आणि मग एक दिवस मान टाकायचा.

"तो घरून जेवून आलेला रायते," काका सांगायचे. "पोटात हाय तवरक हासते."

"पण त्यांचा धंदा पाहा ना काका."

"पाहून राहिलो ना. या लाइनीत मे महिन्यासारखा सेल्समन नाही, सर. पगार नाही, सुट्टी नाही. मे मारते, जून इकते. लोकं येतात, पुन्हा तेच झाड घेऊन जातात. वरून सॉरी म्हनतात."

खरंच होतं ते. नागपूरच्या उन्हात झाड मेलं की माणूस दुकानदाराला नाही, स्वतःला दोष देतो. ज्या मालाच्या मोडतोडीबद्दल गिऱ्हाईक स्वतःच माफी मागतं, असा माल मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पलीकडचा माणूस याच माफीवर बंगला बांधत होता.

काकांचं सगळं उलटं. ते स्वतः कलमं लावायचे आणि एक अख्खा उन्हाळा काढल्याशिवाय झाड विकायचेच नाहीत. "एक मे पास झाला पायजे." म्हणजे प्रत्येक कुंडीवर वर्षभराचं पाणी, खत आणि जागेचं भाडं चढलेलं. आणि विकायची मात्र पलीकडच्याच भावात, कारण गिऱ्हाइकाला दोन्ही पानं सारखीच हिरवी दिसतात. त्यातून झाड विकलं तरी व्यवहार संपायचा नाही. तिथून पुढे इन्स्पेक्शन सुरू व्हायचं.

काका आपल्या जुन्या स्कूटरवरून विकलेली झाडं पाहायला लोकांच्या घरी जायचे. फुकट. ले-आउटच्या कोपऱ्यावर त्या स्कूटरची खोकल्यासारखी फटफट ऐकू आली की घराघरांत पळापळ व्हायची. कोणी पाण्याचा मग घेऊन बाल्कनीकडे धावायचं, कोणी कुंडीतले बिडीचे तुकडे वेचायचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या देशमुखवहिनींची जास्वंद वाळली, तेव्हा त्यांनी शेजारणीची जास्वंद मागून आणून दाखवली. काका तिथून शेजारी गेले तर शेजारीण तीच कुंडी मागच्या दाराने परत नेत होती. काकांनी जिन्यातच कुंडी थांबवली, पानं पुसली आणि म्हणाले, "दोन्ही घरची झाली वं माय. ने आता."

त्यामुळे मी जे केलं ते भीतीपोटी केलं, हे आधीच सांगून ठेवतो.

मे महिना. पाण्याची बोंब. कूलरची टाकी उपसायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात पर्यावरण शिरलं. हे एवढं पाणी मोरीत काय म्हणून घालायचं? मी रोज एक बादली त्या पामला पाजू लागलो. मनातल्या मनात स्वतःचा सत्कारही करून घेतला. टाकीत डास होऊ नयेत म्हणून दर आठवड्याला झाकणभर घासलेट मीच टाकत होतो, ही गोष्ट माझ्या सत्कारात कुठेच आली नाही. आठवडाभरात पाम केरसुणीच्या रंगाचा झाला. मंजूने कुंडीचा वास घेतला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की पाहणं पुरतं.

"काका येतील रविवारी," ती म्हणाली.

मी त्याच दुपारी, उन्हाने डांबर पातळ झालेलं असताना, बर्डीच्या बाजारात गेलो आणि प्लास्टिकचा अरेका पाम घेऊन आलो. उंची तीच, झुपका तोच. जुन्या कुंडीत, जुन्याच मातीत तो ठोकून बसवला. वरून पाणीही शिंपडलं.

रविवारी काका आले. खिडकीला वाळ्याची ताटी, पडदे ओढलेले, हॉलमध्ये अर्धा अंधार. त्यांनी फडकं काढलं, सगळ्यात खालच्या पानापासून सुरुवात केली, एकेक पान पुसत वर गेले. मी त्यांच्यामागोमाग पानं मोजत होतो. शेवटी ते खुर्चीवर टेकले.

"तब्येत बरी हाय," ते म्हणाले. "लोड कमी हाय, पन युनिट चालू हाय."

मंजू चहा टाकायला आत गेली ती हसू दाबायलाच. त्या दिवशी मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी हातोहात फसवलं.

मग एक रविवार सोडून दर रविवारी काका येत राहिले. पानं पुसायची, "तब्येत बरी हाय" म्हणायचं, चहा घ्यायचा, चिवडा घ्यायचा आणि बसायचं. राखेच्या गोष्टी, मुलाच्या गोष्टी, काकू तुळशीवर कसा साडीचा पदर फिरवायच्या त्याच्या गोष्टी. जाताना पामकडे एकदा वळून पाहायचे. पावसाळ्यात सगळ्यांची झाडं वाढली, आमचं होतं तेवढंच राहिलं. "काही काही रायतात असे," काका म्हणाले, "घरधन्यावर जातात." यातलं 'घरधन्यावर' मला लागलं, पण पकडला गेलो नाही याचाच आनंद मोठा होता.

गणपतीच्या सुमारास काका आले आणि चहा तसाच ठेवून बसले.

"प्लॉटवाला भाडं वाढवून राहिला," ते म्हणाले. "नाही जमलं तं दिवाळीनंतर खाली करा म्हनते. त्याले तिथं गाड्या धुवायचं सेंटर काढाचं हाय. पोरगा म्हनते, बाबा, सोडा आता, हैदराबादले या. बाराव्या माळ्यावर घर हाय त्याचं. बाल्कनीले काच लावली हाय. हवा नाही, धूळ नाही." मग म्हणाले, "पुसाले काहीच नाही जी तिथं."

हीच ती वेळ होती, ज्यासाठी माझे हात इतके दिवस शिवशिवत होते. मी खुर्ची पुढे ओढली. काका, तुमचा तोटा कुठे आहे सांगू? वर्षभर झाड सांभाळता, ते बंद करा. ट्रकचा माल ठेवा. मुलाखत बंद. जो मागेल त्याला द्या. आणि हे इन्स्पेक्शन आधी बंद करा! पेट्रोल तुमचं, वेळ तुमचा, वरून खत घालून येता तेही तुमचंच. एकदा विकलं की संपलं.

"संपलं?" काकांनी विचारलं.

"संपलं."

"बरं," ते म्हणाले. थंड झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

माझा सल्ला लागू पडला, हे मला नम्रपणे नमूद केलं पाहिजे, कारण असं सहसा होत नाही. दसऱ्याच्या आधी काकांच्या जाळीखाली आंध्राचे गुलाब उभे राहिले. मुलाखती बंद. माल भराभर खपू लागला. मी एकदा जाऊन लांबून पाहिलं. एक बाई विचारत होती, "भैया, ये पौधा चलेगा ना?" काका तिच्याकडे न पाहता म्हणाले, "गाडी में रखने तक तो चलेगा." ती हसली आणि दोन घेऊन गेली. काका स्टुलावर बसून राहिले. गुलाबांवर ट्रकची धूळ बसली होती. फडकं खिशातच होतं.

आणि ले-आउटमधली फटफट थांबली.

पहिल्या रविवारी कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या एका रविवारी देशमुखवहिनी खाली येऊन विचारून गेल्या, काका आजारी आहेत का? मंजूने सवयीने कपभर चहा जास्त टाकला आणि तो मला प्यावा लागला. शेवटी तिने सांगितलं, "फोन करा त्यांना. झाड पाहायला या म्हणा."

आता पाहा माझी पंचाईत. अख्ख्या ले-आउटमध्ये कोणीही फोन करून म्हणू शकत होतं की काका, झाड सुकलं, पान गळलं, कीड लागली. एक मीच असा कमनशिबी, ज्याच्या झाडाला काही म्हणजे काही होणं शक्य नव्हतं!

मग मी स्वयंपाकघरातून हळद घेतली, तेलात कालवली आणि पामच्या एका पानाला नीट चोळली.

"लग्न लावताय का त्याचं?" मंजू म्हणाली.

मी फोन लावला. "काका, आमच्या झाडाचं एक पान पिवळं पडलंय."

तिकडून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"तुमच्या झाडाचं?"

"हो."

"हॉलमधल्या?"

"हो."

"येतो," काका म्हणाले. आणि इतक्या लवकर आले की मंजूचं आधण उकळलंही नव्हतं.

त्यांनी फडकं काढलं. सगळ्यात खालच्या पानापासून सुरुवात केली. घाई नाही. पिवळ्या पानापाशी आले, तेही तसंच पुसलं, मागून-पुढून. पान पुन्हा हिरवंगार झालं, फडकं पिवळं. त्यांनी फडकं नाकाला लावलं.

"ताई, हळद घरची काय?"

"हो," मंजू म्हणाली. "भावाच्या शेतातली. कुही गावची."

"चांगली हाय. पन प्लास्टिकवर नाही बसत ते."

पंखा फिरत होता. मी टीव्हीकडे पाहत होतो. टीव्ही बंद होता.

"केव्हा कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"पयल्याच दिवशी. सर, मी कोळशातला मानूस हाय, आंधळा नाही."

"मग बोलला का नाहीत काका?" मंजूने विचारलं.

काकांनी फडक्याची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"काय बोलू ताई? झाड मेलं म्हनलं असतं तं इन्स्पेक्शन खतम. मंग उठा लागलं असतं ना. तब्येत बरी हाय म्हनलं की बसता येते."

मी गेल्या महिन्यात याच खुर्चीवर बसून या माणसाला 'संपलं' म्हणून सांगितलं होतं. पेट्रोल वाचतं म्हणून.

मंजू माझ्यासारखी बंद टीव्हीकडे पाहत बसणारी नाही. ती ओट्यावरून चिमटा घेऊनच बाहेर आली. "काका, तुम्ही येण्याचे पैसे घ्या."

"कोनाकडून?"

"ज्यांची झाडं पाहता त्यांच्याकडून. महिन्याचे."

"नुसतं पाहाचे पैसे? आन् वरून चहा पेऊन?" काकांना हा प्रकार चोरीचा वाटला. "मले नाही जमत वं माय."

तेव्हा मला सुचलं. चांगलं सुचण्याचे प्रसंग माझ्यावर फार येत नाहीत, म्हणून सांगतो. "काका, वीज केंद्रात मशिनी कोण पाहायचं?"

"कंत्राटदाराची मानसं."

"बिघडल्यावर?"

"ना जी. आधीच. वर्षभराचा ठेका रायते ना त्याहिचा. एएम..." काका थांबले. पाठ सरळ झाली. "एएमसी!"

"तेच."

"झाडाची एएमसी," ते स्वतःशीच म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचं तोंड कानापर्यंत पसरलं. "मंग तं शटडाऊन पन लिहून द्या लागीन."

पुढचं मंजूने आणि देशमुखवहिनींनी मिळून केलं. माझं काम फक्त मध्ये न बोलण्याचं होतं. ले-आउटमधले लोक तयार झाले, कारण मे महिना सगळ्यांनीच पाहिलेला होता. दरवर्षी तेच झाड पुन्हा घेण्यापेक्षा एक म्हातारा महिन्याकाठी येऊन ओरडून गेलेला स्वस्त पडतो, हा हिशेब त्यांना पटला. दोन दवाखाने आणि एक कोचिंग क्लासही मिळाला. प्लॉटवाल्याला पाहिजे तेवढं भाडं निघतं, वर फारसं काही उरत नाही. गाड्या धुवायचं सेंटर तिकडे बेसा रोडवर कुठेतरी गेलं. बाराव्या माळ्यावर काका दिवाळीत आठवडाभर राहून आले आणि काच पुसून आले. ट्रक पुन्हा पलीकडच्याच नर्सरीत थांबतो. मुलाखती पूर्ववत सुरू झाल्या आहेत.

मीही पुन्हा बसलो एकदा मुलाखतीला. खऱ्या झाडासाठी. एकच प्रश्न आला.

"कूलरच्या पान्याचं काय करता?"

मी माठाकडे चालू लागलो.

आमचं घर एएमसीत नाही. मी पैसे पुढे केले तर काकांनी हात झटकला. "तुमच्याइथं काय मेन्टेनन्स हाय, सर?" पण एक रविवार सोडून दर रविवारी, पैसे देणारी सगळी घरं झाली की शेवटी ती फटफट आमच्या खाली येऊन थांबते. काका येतात, सगळ्यात खालच्या पानापासून सुरुवात करतात. मंजू आधण ठेवते आणि गॅस बारीक करते.